दुधी काचेपलीकडची फरसबी

आमच्या इमारतीत एक कुजबुज बरीच वर्षं जिने चढत-उतरत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या थोरलीनं म्हणे धाकट्या जावेला फरसबीतून विष घातलं, तिला दवाखान्यात पोहोचवलं आणि त्याच दुपारी तळघरात जाऊन तिचं कपाट साफ केलं. खालचा इस्त्रीवाला तर शपथेवर सांगायचा, "ह्या डोळ्यांनी पाहिलं. हातात रबरी मोजे! खुनी घालतात तसे." खुनी नेमके कुठले मोजे घालतात, हे त्याला कुणी विचारलं नाही. कुजबुजीला प्रश्न विचारले की ती लाजून गप्प बसते, आणि मग माणसांनी दुपार कशी काढायची?

तेव्हा आधी थोरली कोण ते सांगतो.

बाविसाव्या वर्षी ती ह्या घरात सून म्हणून आली. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात सासरे आणि दोन मुलगे. थोरला, म्हणजे हिचा नवरा, बस डेपोत मेकॅनिक. इंजिनाशी दिवसभर बोलून घरी यायचा, त्यामुळे बायकोच्या वाट्याला "बरं" एवढाच शब्द उरायचा. थोरली स्वतः तयार कपड्यांच्या एका दुकानात मागच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांचे कपडे बेताचे करून द्यायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. पेठेत कुणाचं पोट कुठल्या महिन्यात किती सुटलं, हे तिला टेपच्या आकड्यांसकट पाठ. पण तोंड मिटलेलं. आकडे सांगितले असते तर निम्म्या घरांत भांडणं लागली असती.

सासरे घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून आयुष्य काढलेलं, बोलणंही चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखं. जेवण आवडलं की ते चमचा ताटात ठेवायचे आणि म्हणायचे, "हं." नाही आवडलं तर काहीच नाही. थोरलीनं अठरा वर्षं त्या "हं"वर संसार केला. ज्या दिवशी "हं" मिळायचं त्या दिवशी ती दुकानात दोन पँटी जास्त उरकायची.

मग धाकट्यानं उशिरा, चाळिशीच्या तोंडावर लग्न केलं आणि धाकटी आली. ती दवाखान्यात कामाला, शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायच्या खोलीत. सडपातळ, हसरी, केस आखूड. स्वयंपाकाच्या नावानं शून्य. पहिल्याच रविवारी तिनं केलेली बटाट्याची भाजी इतकी खारट, की थोरलीचा नवरा तीन पेले पाणी प्यायला. थोरली मनातल्या मनात हात चोळत सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसली.

सासऱ्यांनी घास गिळला. चमचा ठेवला. आणि म्हणाले, "वा!"

"बाबा, खारट झालीय हो," धाकटी ओशाळून म्हणाली.

"झालीय. पण बटाटे सगळे एका मापाचे चिरलेस. एकही लहान-मोठा नाही. वा!"

थोरली उठून आत गेली आणि एक घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. त्याच दिवशी तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्याही डॉक्टरच्या हाताला लागण्यासारखं नव्हतं.

दोन्ही भावांची बिऱ्हाडं तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर, मध्ये इमारतीचा उघडा चौक. म्हातारे सासरे तळमजल्यावर, एका खोलीत, कारण त्यांना रोजचे जिने नकोत. स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकमेकींकडे तोंड करून. आता अशी घरं बांधणाऱ्याला जावाजावांविषयी काही माहीत नसावं, किंवा फार माहीत असावं. थोरलीला सगळं दिसायचं. धाकटीची दोरीवर वाळणारी साडी दिसली की हिला आपली विटकी वाटायची. धाकटी सुट्टीच्या दिवशी आठपर्यंत झोपायची, ते दिसलं की हिची झोप साडेपाचलाच उडायची. "मला काय करायचंय," असं दिवसातून दहा वेळा म्हणायची आणि अकराव्या वेळी पडदा सरकवायची.

तरी एक प्रांत थोरलीचा होता. टोमॅटो. स्वस्ताई आली की ती टोमॅटो उकडून, सालं काढून, लिंबू पिळून, काचेच्या बाटल्यांत भरायची. बाटल्या मोठ्या पातेल्यात बुडवून उकळायची. बाहेर काढल्या की निवता निवता झाकणं एकेक करून आत ओढली जायची आणि आवाज यायचा: टक्. तो आवाज ऐकायला ती हातातलं शिवण सोडून ओट्यापाशी उभी राहायची. तळघरातल्या तिच्या फळीवर वर्षभर लाल रांग असायची आणि सासरे महिन्यातून दोनदा "हं" म्हणायचे.

त्या प्रांतात धाकटीनं पाऊल टाकलं.

नगरपालिकेच्या सभागृहात दर रविवारी दहा ते बारा एक वर्ग चालायचा: घरच्या घरी अन्न सुरक्षित कसं टिकवावं. शिकवणाऱ्या बाई पूर्वी अन्नाच्या कारखान्यात तपासनीस होत्या. सगळे त्यांना बाटलीबाई म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा. धाकटी तिथे जायला लागली आणि एके रविवारी, बाजारात फरसबीचं नावही नसताना, तिनं वर्गात भरलेली एक बाटली उघडली. हिरव्या शेंगांचे तुकडे, सगळे एका मापाचे. गरमसुद्धा केले नाहीत. थंडच, वरून तेल आणि चिमूटभर मीठ.

सासरे म्हणाले, "वा."

मग आणखी एक चमचा घेतला आणि म्हणाले, "वा!"

दोनदा. थोरलीनं मोजले.

"ताई, तुम्ही पण चला ना वर्गाला," धाकटी म्हणाली. "तुम्हाला तर टोमॅटोचं सगळं येतंच. तुम्ही दोन रविवारांत पुढे जाल."

"मला गं कुठला वेळ," थोरली म्हणाली. "आणि आम्ही बाटल्या भरत होतो तेव्हा तू शाळेत असशील. आम्हाला बाई लावावी लागली नाही."

धाकटी हसली. ते हसणं साधंच होतं. पण थोरलीला त्यात चार अर्थ दिसले आणि चारही वाईट.

पुढच्या हंगामात फरसबी आली, तशी धाकटीनं दोन पिशव्या भरून आणल्या. तिचा नवरा जिन्यावरून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड, गोल, धापा टाकत वर घेऊन आला. बाटलीबाईंकडून उसनं आणलेलं. "काय हो भाऊजी, रणगाडा का?" थोरलीनं दारातून विचारलं.

"तिच्या बाटल्यांचं भांडं आहे, वहिनी. माझी कंबर गेली."

भांडं. म्हणजे पातेलं. आपल्यासारखंच, फक्त मोठं. थोरलीनं मनात नोंद केली.

दुपारी धाकटीच्या खिडकीत दिवा लागला. त्या खिडकीच्या खालच्या निम्म्या काचा दुधी होत्या, वरच्या स्वच्छ. त्यामुळे थोरलीला दिसायचं ते एवढंच: धाकटीचं डोकं, भिंतीवरचं घड्याळ आणि वर चढणारी वाफ. शेगडी, भांडं, हात, सगळं दुधी काचेमागे. पण थोरलीला तेवढं पुरे होतं. मांडीवर कुणा शेटजींची पँट, हातात सुई, नजर चौकापलीकडे. वाफ आली. बराच वेळ येत राहिली. मग कमी झाली. धाकटीनं मान वर करून घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. बरोबर वीस मिनिटांनी तिनं खाली वाकून काहीतरी बंद केलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. वाफ, घड्याळ, वीस मिनिटं.

आता कुणी म्हणेल, कुकर असेल असं तिच्या मनात आलं नाही का? आलं की! पण कुकर म्हटला की शिट्टी हवी. उभ्या आयुष्यात तिनं शिट्टी न वाजवणारा कुकर पाहिला नव्हता. कान टवकारून दोन तास बसली, एकही शिट्टी नाही. म्हणजे कुकर नाही. म्हणजे पातेलं. म्हणजे उकळतं पाणी, वीस मिनिटं. हिशेब सरळ होता.

"एवढंच?" ती स्वतःशी म्हणाली. "ह्यासाठी वर्ग?"

दोन दिवसांनी तिनं दुकानातून रजा काढली. धाकटी ज्या दुकानातून बाटल्या आणते तिथूनच सोळा बाटल्या आणल्या, तशाच अर्ध्या लिटरच्या, तशीच सोनेरी झाकणं. फरसबी अशी चिरली की पट्टी लावून बघावी. टोमॅटोच्या पातेल्यात बाटल्या उकळल्या, वीस मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. काढून फडक्यावर मांडल्या. टक्. टक्. टक्. सोळाच्या सोळा वाजल्या. आणि रंग! धाकटीच्या शेंगा जराशा मातकट झाल्या होत्या, हिच्या हिरव्याकंच. थोरली ओट्यापाशी उभी राहून एकटीच हसली.

नवरा डेपोतून आला. "बघा," ती म्हणाली.

"बरं."

"बरं काय? तिच्यापेक्षा हिरव्या आहेत की नाहीत?"

त्यानं बाटली दिव्यापुढे धरली. "हिरव्या आहेत."

लग्नानंतर त्याच्याकडून आलेलं हे तिला सर्वांत मोठं वाक्य वाटलं.

इथपर्यंत होतं ते जळणं. पुढे जे झालं ती हुशारी, आणि हुशारी जास्त महागात पडते. थोरलीच्या मनात आलं: मी माझ्या नावानं ही फरसबी वाढली तर बाबा "हं" म्हणतील. फार तर. पण धाकटीची म्हणून वाढली, तर "वा" म्हणतील. आणि ते "वा" म्हणाले, की मी सगळ्यांसमोर सांगणार, ही माझी! मग बघू कुणाचं तोंड कसं होतं ते.

तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाचं एकेक उघडं कपाट होतं. धाकटी प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावायची: "फरसबी" आणि तारीख. तिच्या "फ"ला शेपूट होतं, पतंगासारखं. थोरलीनं सहा चिठ्ठ्या लिहिल्या, सहाही "फ"ना शेपूट काढलं, तारीख धाकटीची घातली. आपल्या सहा बाटल्या धाकटीच्या फळीवर ठेवल्या आणि तिच्या सहा उचलून आपल्यात घुसवल्या. धाकटीच्या अठराच्या अठरा भरल्या. धाकटीनं मोजल्या असत्या तरी फसली असती.

आपल्या सहा तिनं पुढच्या रांगेत ठेवल्या होत्या, म्हणजे पहिली बाटली आपलीच निघेल. पण धाकटीला दवाखान्याची सवय. दर आठवड्याला ती फळी पुसायची आणि बाटल्या फिरवायची, जुनं पुढे, नवं मागे. महिन्याभरात कुठली कुणाची हे देवालाही सांगता आलं नसतं. तळघराच्या अंधारात सगळ्यांचा रंगही एकसारखा उतरला. थोरलीला हे दिसलं, पण तिनं मनाला समजावलं: अठरात सहा आपल्या आहेत, आज ना उद्या निघेलच.

बाजारातून फरसबी गेली. दीड महिन्यानं धाकटीनं जाहीर केलं, "ह्या रविवारी जेवण आमच्याकडे, साडेबाराला. बाबांसाठी फरसबी उघडणार आहे."

त्याच रविवारी थोरली प्रथमच बाटलीबाईंच्या वर्गाला गेली. का, तर त्या दिवशी नासपती शिकवणार होत्या आणि धाकटीनं अजून नासपती केली नव्हती. एक पाऊल पुढे टाकून ठेवावं. शिवाय जेवायला थोडं उशिरा पोचायचं, पहिलं "वा" होऊ द्यायचं आणि मग बोलायचं, असा बेत. नवऱ्याला सांगितलं, "बाटलीच्या वर्गाला जाऊन येते." तो म्हणाला, "बरं." शेजारच्या पेन्शनरानं मात्र ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत थोरली पिते अशी एक वेगळीच बातमी दुसऱ्या जिन्यानं खाली गेली. ते असो.

सभागृहात लांब टेबलं, स्टीलच्या परातीत सोललेल्या नासपती, पंधरा-वीस बायका आणि दोन निवृत्त पुरुष. बाटलीबाई ठेंगण्या, चष्मा दोरीला बांधलेला. नासपती झाल्यावर त्यांनी विचारलं, "नवीन कोण आहे? घरी आधी काय केलंय?"

थोरलीनं हात वर केला. इतक्या वर्षांत असं विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. "टोमॅटो तर दरवर्षी. आणि यंदा फरसबी. सोळा बाटल्या."

"अरे वा!" बाई म्हणाल्या.

वा! थोरली एकदम ताठ झाली. "एकही झाकण फसलं नाही. सोळाही टक् वाजल्या. उकळत्या पाण्यात वीस मिनिटं, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही."

बाईंनी हातातली सुरी खाली ठेवली.

"पाण्यात?"

"हो. पातेल्यात."

"कुकरमध्ये नाही? काट्याच्या?"

"काट्याचा म्हणजे?"

बाईंनी मागच्या कपाटातून एक भांडं ओढून टेबलावर आणलं. जड, गोल. जाड झाकण, चारी बाजूंनी आवळायच्या खिट्ट्या आणि वर घड्याळासारखी तबकडी. "ह्याला शिट्टी नसते. दाब किती झाला ते काटा दाखवतो," बाई म्हणाल्या. थोरलीला ते भांडं चादरीसकट ओळखू आलं.

"टोमॅटो आंबट असतात, वर तुम्ही लिंबू घालता, म्हणून त्यांना उकळतं पाणी चालतं," बाई सावकाश सांगू लागल्या. "फरसबीला आंबटपणा नाही. मातीतला एक जंतू असतो, त्याची बीजं उकळत्या पाण्यानं मरत नाहीत. पाणी कितीही उकळा, एका हद्दीपुढे तापत नाही. दाबाखालची वाफ तापते. ती बीजं जिवंत राहिली आणि बाटली हवाबंद झाली, की आत विष तयार होऊ शकतं. वास येईलच असं नाही. चव बदलेलच असं नाही. झाकण घट्टच असू शकतं."

"पण टक् वाजलं," थोरली म्हणाली.

"टक् म्हणजे हवा आत जात नाही एवढंच. त्या जंतूला हवा नकोच असते."

कुणीतरी खुर्ची सरकवली. बाईंनी विचारलं, "कुणी खाल्लीय?"

थोरलीनं भिंतीवर पाहिलं. बाराला पाच कमी. "अजून नाही. साडेबाराला... सासरे." ती बोलता बोलता उठलीच. "पण ती माझी निघेल असं नाही. तिच्यात मिसळलीय."

"कुणाच्यात?"

उत्तर द्यायला थोरली तिथे नव्हती.

तेव्हा खिशाखिशात फोन नव्हते. ती धावत निघाली. सभागृहाच्या पायऱ्या, सायकल दुरुस्तीचं दुकान, बंद बँकेसमोरचा फूटपाथ, तिथे चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेतली. आपल्या दुकानावरून गेली, तर मालक शटर अर्धं ओढून उभा. "अहो बाई, सोमवारी शेटजींची पँट—" "मरू दे पँट!" असं ती मालकाला आयुष्यात एकदाच बोलली. वाटेत तिच्या मनात काय आलं ते तिनंच पुढे बाटलीबाईंना सांगितलं आणि बाईंनी, मी फार गळ घातल्यावर, मला. आधी आलं, बाबा. आणि लगेच पाठोपाठ आलं, आता हिला सगळं सांगावं लागणार. एकाच मनात दोन्ही मावलं. खोटं कशाला सांगू?

तीन मजले चढून ती धाकटीच्या दारात पोचली तेव्हा ताटं वाढलेली होती. दोघे भाऊ बसलेले. सासऱ्यांच्या ताटात फरसबीचा हिरवा ढीग, वर तेलाची चकाकी. त्यांनी चमचा भरला होता.

थोरलीनं सासऱ्यांच्या मनगटावर फटका मारला. चमचा उडून भिंतीवर आपटला.

"अगं वेडी झालीस का!" तिचा नवरा उभा राहिला. इतकं तोही कधी बोलला नव्हता.

"खाऊ नका. कुणी खाऊ नका. ती माझी आहे."

"ताई, फरसबी मी भरलीय," धाकटी म्हणाली. "बसा आधी. पाणी देऊ का?"

"तुझी नाही. असेलही तुझी. मला माहीत नाही." आणि मग उभ्यानंच, हातात तुटकी चप्पल, तिनं सगळं सांगितलं. पातेलं, पाणी, सहा बाटल्या, चिठ्ठ्या, "फ"चं शेपूट. सांगताना ती भिंतीकडे बघत होती. "बाबांनी मला 'वा' म्हणावं म्हणून," हे शेवटी, अगदी हळू.

धाकटीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"पाण्यात?" ती म्हणाली. "ताई, तुम्ही फरसबी पाण्यात उकळलीत?"

"हो."

धाकटी खुर्चीवर बसली. "मी दोन शेंगा खाल्ल्यात," ती म्हणाली. "मीठ बघायला. आत्ताच."

सासऱ्यांनी ताट दूर सारलं. एकदा एका सुनेकडे, एकदा दुसरीकडे पाहिलं. "रिक्षा बोलवा," ते धाकट्याला म्हणाले. "बसून काय राहिलाय?"

निघायच्या आधी धाकटीनं त्याच बसल्या जागेवरून हुकूम सोडले. उघडी बाटली आणि ताटातलं सगळं एका डब्यात घालून बरोबर घ्या, दवाखान्यात तपासतील. सांडलंय ते साबणानं नाही, ब्लीचनं पुसा. मोजे घाला. "आणि ताई, तळघरातल्या सगळ्या बाटल्या टाका. तुमच्या, माझ्या, सगळ्या. एकही उघडायची नाही, फोडायची नाही. जाड पिशव्यांत बांधून कचऱ्यात."

"तुझ्यासुद्धा? बारा तरी चांगल्या आहेत गं."

"कुठल्या बारा? दाखवा."

थोरलीला दाखवता आल्या नाहीत.

डॉक्टरांनी धाकटीला तीन दिवस नजरेखाली ठेवलं. एकाचे दोन दिसतात का, पापण्या जड वाटतात का, गिळता येतं का, दर दोन तासांनी विचारायचे. तळघरातल्या बाटल्या टाकून थोरली जी दवाखान्यात आली, ती तिन्ही दिवस बाकावर बसून होती, आणि बसल्या बसल्या जळत होती, हे मी सांगितलं नाही तर चित्र अर्धं राहील. धाकटीच्या खोलीत सगळ्या परिचारिका येऊन जायच्या, वाफेच्या खोलीतल्या मैत्रिणी फुलं आणायच्या, मोठे डॉक्टर तिला नावानं हाक मारायचे. "मी आजारी पडले तर कोण येईल," थोरली नवऱ्याला म्हणाली. "शेटजी येतील. पँट विचारायला."

नवरा हसला. ती मात्र रडली.

धाकटीला काही झालं नाही. डब्यातल्या फरसबीतही काही सापडलं नाही. ते कळल्यावर थोरलीचा चेहरा उजळला. "म्हणजे ती बाटली माझीही असेल! आणि चांगली निघाली असेल!"

"ताई," धाकटी उशीवरून म्हणाली, "एक चांगली निघाली म्हणून उरलेल्या पंधरा चांगल्या होत नाहीत. आणि पुन्हा असं बोललात तर मी बाबांना सांगेन की चिठ्ठीवरची तारीखसुद्धा तुम्ही चोरलीत."

"ते मी सांगितलंय."

"मग पुन्हा सांगेन."

महिनाभर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मग एका रविवारी धाकटी सव्वानऊला थोरलीच्या दारात येऊन उभी राहिली. "चलायचं का वर्गाला? की खिडकीतून बघून शिकणार?"

थोरलीनं नाक मुरडलं आणि चप्पल घातली. पुढची अकरा वर्षं ती त्या वर्गाला गेली, शेवटची सहा तर बाटलीबाईंची मदतनीस म्हणून. नव्या बायकांकडून ती एक प्रश्न घोकून घ्यायची: आंबट की बिनआंबट? उत्तर चुकलं की बाटलीला हात लावू द्यायची नाही. धाकटीवर जळणं तिनं सोडलं नाही. सासरे गेले त्या वर्षी त्यांनी आपलं भिंग धाकटीला दिलं आणि थोरलीला भिंतीवरचं मोठं घड्याळ. थोरली शेवटपर्यंत म्हणायची की भिंग जास्त मोलाचं.

विष घातल्याची कुजबुज तिच्या कानावर कितीदा आली. ती कधी नाकारायची नाही. मी एकदा विचारलं, "अहो, लोक तुम्हाला खुनी म्हणतात, तुम्ही बोलत का नाही?"

"म्हणू द्या," ती म्हणाली. "खुनी म्हटलेलं चालेल. तिची नक्कल केली असं म्हटलेलं मला चालणार नाही."

आता ती नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. विष कुणी घातलं नव्हतं. थोरलीनं जावेच्या खिडकीतून वेळ चोरली, झाकण तिला दिसलं नाही आणि फरसबी पाण्यात उकळली. मग त्यातल्या सहा बाटल्या जावेच्या सहा बाटल्यांशी बदलल्या. इस्त्रीवाल्यानं पाहिल्या त्या तेहेतीस बंद बाटल्या होत्या, आणि त्या धाकटीच्या सांगण्यावरून कचऱ्यात गेल्या.